'मानधना'च्या हिशेबात अडकलेली अंगणवाडी

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या सेविका ना शिक्षिका, ना कर्मचारी. केंद्राचा वाटा २०१८ च्या दरावर, वाढीचा भार राज्यांवर

मुंबई, प्रतिनिधी

अंगणवाडी सेविकेला दिवाळीत मिळणारी दोन हजार रुपयांची रक्कम ही बोनस नसते, ती 'भाऊबीज भेट' असते. दरमहा तिच्या बँक खात्यात जमा होते ते वेतन नसते, ते 'मानधन' असते. ती सरकारने मंजूर केलेले केंद्र चालवते, सरकारने ठरवून दिलेला आहार वाटते, सरकारी मोबाइल अॅपवर रोजची माहिती भरते. मात्र सरकारच्या लेखी ती कर्मचारी नसते. तीन ते सहा वर्षे वयोगटातील मुलांना ती शिकवते, पण शिक्षिका म्हणूनही तिची नोंद नसते. शब्दांचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात किमान वेतन, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन आणि वार्षिक वेतनवाढ या साऱ्यांच्या चाव्या याच एका शब्दात दडलेल्या आहेत.

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. देशभरात ही संख्या १४ लाखांच्या घरात जाते. लहान मुलांच्या संगोपनाची एवढी मोठी सरकारी यंत्रणा जगात क्वचितच आढळेल. ही यंत्रणा ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्या महिलांचा मोबदला कसा ठरतो, त्यातील केंद्राचा वाटा किती आणि राज्याचा किती, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांना रस्त्यावर का उतरावे लागते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अंगणातून सुरू झालेली शाळा

'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ महाराष्ट्रातच असल्याचे मानले जाते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. वाड्यावस्त्यांवरील मुले शाळेच्या इमारतीकडे येत नाहीत, हे लक्षात आल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अनुताई वाघ यांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये अनेक वर्षे पुढे चालविले. ताराबाईंना १९६२ मध्ये 'पद्मभूषण', तर अनुताईंना 'पद्मश्री' देऊन सरकारने या कामाचा गौरव केला.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. पूरक पोषण आहार, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण, आहार व आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा एका छताखाली देणे हा योजनेचा गाभा होता. केंद्र चालविण्यासाठी त्याच वस्तीतील महिला निवडावी, तिने समाजसेवेच्या भावनेने दिवसातील काही तास द्यावेत आणि त्याबद्दल तिला अल्प मानधन मिळावे, अशी मूळ कल्पना होती. त्या वेळी मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये, मॅट्रिक नसलेल्या सेविकेला १०० रुपये, तर मदतनीसला ३५ रुपये ठरविण्यात आले.

प्रायोगिक तत्त्वावरील योजनेसाठी ही व्यवस्था समजण्यासारखी होती. परंतु पुढे योजना कायमस्वरूपी झाली. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये देशभरात १४ लाख केंद्रे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयोगटातील मुलांचा अंगणवाडीतील आहार हा कायदेशीर हक्क ठरला. मुलाचा हक्क कायद्याने बांधला गेला. तो हक्क मुलाच्या ताटापर्यंत पोहोचविणारी महिला मात्र मानसेवीच राहिली.

मोबदल्याची दोन टोके

सेविकेच्या मानधनाचे दोन भाग असतात. केंद्र सरकार एक मूळ दर ठरवते. केंद्र व बहुतेक राज्ये तो ६० आणि ४० टक्के या प्रमाणात उचलतात. त्यावर राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून जी भर घालते, तो दुसरा भाग. वेगवेगळ्या राज्यांत मानधन वेगवेगळे का, याचे उत्तर या दुसऱ्या भागात आहे.

केंद्राने आपला मूळ दर याआधी १ ऑक्टोबर २०१८ पासून वाढविला. त्यानुसार सेविकेसाठी ४,५०० रुपये, मिनी अंगणवाडी सेविकेसाठी ३,५०० रुपये आणि मदतनीससाठी २,२५० रुपये निश्चित झाले. या मूळ दरानुसार सेविकेमागे केंद्राचा वाटा होतो दरमहा २,७०० रुपये आणि मदतनीसमागे १,३५० रुपये. कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता यात धरलेला नाही.

महाराष्ट्रातील सेविकेचे मानधन २०२३ च्या अर्थसंकल्पात ८,३२५ रुपयांवरून १० हजार रुपये, तर मदतनीसचे ४,४२५ रुपयांवरून ५,५०० रुपये करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हे आकडे अनुक्रमे १३ हजार आणि साडेसात हजार रुपयांवर नेण्यात आले. प्रोत्साहन भत्ता त्याहून वेगळा. १३ हजारांतून केंद्राचे २,७०० रुपये वजा केले तर राज्याच्या वाट्याला १०,३०० रुपये येतात. म्हणजे कागदावर ६०:४० असलेले प्रमाण प्रत्यक्षात साधारण २१:७९ असे उलटे झाले आहे.

या वाढीनंतरही मदतनीसची स्थिती काय, हे साध्या हिशेबाने कळते. साडेसात हजार रुपयांना २६ दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे २८८ रुपये होतात. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मुलांना घरून आणणे, केंद्राची झाडलोट, पाणी भरणे, आहार वाढणे, भांडी स्वच्छ करणे ही सारी कामे मदतनीस करते. अर्धवेळ काम असल्याने ही तुलना योग्य नाही, असा युक्तिवाद सरकारी बाजूने केला जातो. मात्र वादाचा खरा मुद्दाही तोच आहे.

चार तासांचे काम किती तास चालते?

कागदोपत्री अंगणवाडी चालते ती दिवसातले मोजके तास. सकाळी मुले गोळा करून गाणी, गोष्टी, रंग-आकारांची ओळख, मग आहार आणि मुलांची पाठवणी. राज्याने शालापूर्व शिक्षणासाठी 'आकार' हा अभ्यासक्रम आणल्यापासून या तासांना शिस्तही आली. परंतु मुले घरी गेल्यानंतर सेविकेचे दुसरे काम सुरू होते. गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी भेटी, बालकांची वजने-उंची, कुपोषित बालकांचा पाठपुरावा, लसीकरणाच्या दिवशी मातांना बोलावणे, घरपोच आहाराचे वाटप आणि या सर्वांच्या नोंदी.

या नोंदींसाठी पूर्वी ११ नोंदवह्या होत्या. मार्च २०२१ पासून केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' अॅप आले. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी वापराची सक्ती यांच्या निषेधार्थ त्याच वर्षी राज्यातील हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. याशिवाय सर्वेक्षणे, मतदारयाद्यांची कामे आणि नवनव्या योजनांचे अर्ज आहेतच. करोनाच्या काळात २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा कार्यकर्त्यांबरोबर सेविकाही घरोघर फिरल्या. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचे जाहीर करण्यात आले.

यातील प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर फार मोठे नाही. सगळी एकत्र केली की मात्र शालापूर्व शिक्षणाचाच वेळ कापला जातो. आहाराचा आणि नोंदींचा हिशेब वरिष्ठांकडे रोज जातो. मूल गोष्ट ऐकून काय शिकले, याचा हिशेब कोणी मागत नाही. त्यामुळे दिवस अपुरा पडला की सर्वांत आधी गळते ते शिकवणे. मोबदल्याचा प्रश्न मुलांच्या प्रश्नाला भिडतो तो येथे.

न्यायालयांनी काय म्हटले?

सेविकांच्या दर्जाविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल महत्त्वाचे आहेत, आणि त्यांची दिशा वेगवेगळी आहे. ७ डिसेंबर २००६ रोजी कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, सेविका हे 'नागरी पद' धारण करीत नाहीत. त्यांची नेमणूक योजनेखाली होते, सरकारी सेवेचे भरती नियम त्यांना लागू नाहीत, त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारे संरक्षण त्यांना मागता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. पुढील अनेक वर्षे राज्य सरकारांनी याच निकालाचा आधार घेतला.

त्यानंतर २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्वाळा दिला. अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षणहक्क कायद्याचे कलम ११ यांमुळे अंगणवाडी ही आता केवळ योजना राहिलेली नाही, सेविकांचे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही आणि 'मानधन' हे नाव दिले तरी तो कामाचा मोबदलाच आहे, अशी या निकालाची दिशा होती. आधीचा निकाल मोडीत न काढता न्यायालयाने वेगळी वाट काढली. सरकारी पद नसले तरी काम करणाऱ्याला कामगार कायद्याचा लाभ मिळू शकतो, हे त्यातून पुढे आले.

या निकालाचा अर्थ रुपयांत मांडता येतो. ग्रॅच्युइटीच्या सूत्रानुसार सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा मोबदला मिळतो आणि महिना २६ दिवसांचा धरला जातो. १३ हजार रुपये मानधन असलेल्या सेविकेसाठी हा आकडा वर्षाला ७,५०० रुपये होतो. तीस वर्षे सेवा झालेल्या सेविकेला या हिशेबाने २ लाख २५ हजार रुपये मिळायला हवेत. राज्याने २०१४ मध्ये सुरू केलेल्या एकरकमी लाभ योजनेत सेविकेसाठी १ लाख रुपये आणि मदतनीससाठी ७५ हजार रुपये ठरविण्यात आले होते. सेवा दहा वर्षांची असो वा पस्तीस, रक्कम तीच. आयुष्यभर मुले सांभाळून घरी बसणाऱ्या महिलेच्या दृष्टीने या दोन हिशेबांतील अंतर फार मोठे आहे.

गुजरात उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्या राज्यातील सेविकांना दरमहा किमान २४,८०० रुपये आणि मदतनीसांना २०,३०० रुपये द्यावेत, असा निर्णय खंडपीठाने दिला. हा निर्णय गुजरातपुरता असला तरी अन्य राज्यांतील संघटनांच्या मागण्यांना त्यामुळे बळ मिळाले. तमिळनाडूने तर त्यापूर्वीच आपल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांना विशेष वेतनश्रेणी लागू केली आहे.

संपाशिवाय वाढ नाही

महाराष्ट्रात मानधनवाढीचा इतिहास हा बव्हंशी आंदोलनांचा इतिहास आहे. ११ सप्टेंबर २०१७ पासून सुरू झालेला संप २६ दिवस चालला आणि त्यानंतर सेविकेचे मानधन ५ हजारांवरून साडेसहा हजार रुपये झाले. मार्च २०१८ मध्ये सरकारने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजेच 'मेस्मा', लागू केला. विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाल्यावर तो निर्णय स्थगित करावा लागला. कर्मचारी नसलेल्या महिलांची सेवा संप करण्यास मज्जाव करण्याइतकी अत्यावश्यक असेल, तर ती वेतन देण्याइतकी आवश्यक का नाही, असा सवाल त्या वेळी विचारला गेला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि मार्चच्या अर्थसंकल्पात वाढ आली. ४ डिसेंबर २०२३ पासूनचा संप तर सुमारे पन्नास दिवस, जानेवारी २०२४ च्या अखेरपर्यंत लांबला. दरमहा २६ हजार रुपये वेतन, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. त्या काळात बहुसंख्य केंद्रांना कुलूप होते. संपाच्या प्रत्येक दिवसाची झळ अंगणवाडीतील आहारावर अवलंबून असलेल्या बालकाला बसते, याची जाणीव दोन्ही बाजूंना आहे. पण मोबदला महागाईशी जोडलेला नसल्याने वाढ मिळविण्याचा दुसरा मार्ग सेविकांपुढे उरत नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप तपासला जातो; सेविकेच्या मानधनासाठी मोर्चा किंवा निवडणूक यांपैकी एक यावे लागते.

शहरातील बालवाडीतही तेच

हा प्रश्न गावखेड्यांपुरता आहे, असा शहरी पालकांचा समज असतो. मुंबईतील झोपडपट्ट्यांत अंगणवाड्या अनेकदा भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत भरतात. महापालिकेच्या बालवाड्या स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतात आणि तेथील शिक्षिकाही मानधनावरच असतात. खासगी नर्सरी-प्लेग्रुपमध्ये पालक भरमसाट शुल्क मोजत असले तरी शिक्षिकेच्या हाती किती पडते, हे ठरविणारी वेतनश्रेणी नाही. शिक्षणहक्क कायद्याची हमी सहाव्या वर्षापासून सुरू होते. त्याखालच्या वयोगटासाठी सरकारने 'आवश्यक ती व्यवस्था करावी', एवढाच उल्लेख कायद्यात आहे. पहिलीच्या वर्गावरील अनुदानित शाळेतील शिक्षिकेला वेतन आयोग लागू असतो. त्याच मुलाला आदल्या वर्षापर्यंत शिकविणाऱ्या बाईंना काहीच लागू नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा 'पायाभूत स्तर' मानून या वयोगटाला प्रथमच शिक्षणाच्या मुख्य रचनेत आणले. बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, अशी प्रशिक्षणाची योजनाही त्यात आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' उपक्रम सुरू केला. सेविकेकडून शिक्षिकेची पात्रता आणि कौशल्य अपेक्षित आहे, हे यातून स्पष्ट होते. शिक्षिकेचा दर्जा आणि मोबदला यांबाबत मात्र धोरण पुरेसे स्पष्ट नाही.

खर्च किती, मार्ग कोणता?

अंगणवाडी आणि पोषणाच्या योजना एकत्र करून आखलेल्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' साठी केंद्राने २०२१-२२ मध्ये २०,१०५ कोटी रुपयांची तरतूद केली होती. २०२५-२६ मध्ये ती २१,९६० कोटी रुपये झाली. चार वर्षांतील ही वाढ सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास आहे. महागाई विचारात घेता ती वाढ म्हणणेही कठीण.

केंद्राने २०१८ चा मूळ दर दुप्पट करायचे ठरविले तर काय होईल? देशात सुमारे १३ लाख सेविका आणि ११ लाखांच्या आसपास मदतनीस आहेत. सेविकेमागे दरमहा २,७०० आणि मदतनीसमागे १,३५० रुपयांचा वाढीव वाटा धरला, तर वर्षाचा अतिरिक्त खर्च साधारण सहा हजार कोटी रुपये होतो. हिमालयीन आणि ईशान्येकडील राज्यांत केंद्राचा वाटा ९० टक्के असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून थोडा अधिक भरेल. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सेविकांच्या मानधनात एक हजार रुपयांची वाढ म्हणजे राज्यावर वर्षाला सुमारे १३२ कोटी रुपयांचा भार. रक्कम लहान नाही, हे मान्य करावे लागेल. हाच पैसा मुलांच्या आहारावर का नको, असाही प्रश्न येतो. २०१७ मध्ये सर्वसाधारण बालकाच्या आहारासाठी दिवसाला आठ रुपयांचा दर ठरविण्यात आला होता, हे पाहता तो प्रश्न गैरलागू नाही. पण आहार आणि तो भरवणारे हात यांना एकमेकांसमोर उभे करून दोन्हीवरील खर्च रोखण्याचीच पद्धत आजवर पडली आहे.

२०१३ मध्ये झालेल्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतर्गत काम करणाऱ्या महिलांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. ती पूर्णत्वास नेणे खर्चिक असेल. परंतु काही गोष्टी टप्प्याटप्प्याने करता येण्याजोग्या आहेत. मानधन महागाई निर्देशांकाशी जोडणे, केंद्राचा मूळ दर ठराविक काळाने आपोआप तपासणे, ग्रॅच्युइटीच्या निकालाची विनाविलंब अंमलबजावणी करणे आणि शालापूर्व शिक्षणाच्या वेळेत अन्य कामे न देण्याचा नियम करणे, ही त्यातील काही. यांपैकी शेवटच्या उपायाला तर फारसा पैसाही लागत नाही.

अंगणवाडी योजनेने २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण केली. पहिल्या वर्षी जी मुले या केंद्रांत आली, ती आज पन्नाशीत आहेत. अनेकांची नातवंडेही अंगणवाडीत जाऊ लागली असतील. तेव्हा प्रयोग म्हणून ठरलेला 'मानधन' हा शब्द मात्र तिसऱ्या पिढीतही बदललेला नाही.

चौकट
केंद्राने ठरविलेला मासिक मूळ दर (मॅट्रिक सेविका / मदतनीस, रुपयांत)

१९७५ : १५० / ३५
१९९२ : ४०० / २००
२००२ : १,००० / ५००
२००८ : १,५०० / ७५०
२०११ : ३,००० / १,५००
२०१८ : ४,५०० / २,२५०

(२०११ पासून सेविकांसाठी शिक्षणानुसार वेगळा दर नाही. राज्यांनी घातलेली भर या आकड्यांत समाविष्ट नाही.)